तारपा नाच बघायचाय? जवळ जाऊन उभे राहा!

भाताची कापणी आटोपली की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य घुमू लागतं. व्हिडिओत नुसती गोल फिरणारी माणसं दिसतात. खरी गंमत चार हातांवरून बघण्यात.

आधी तारपेकऱ्याचे गाल बघा. फुगलेलेच! गालातली हवा फुंकत असतानाच तो नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही. ऑस्ट्रेलियात डिजेरिडू वाजवणारेही हेच करतात. वाद्य सगळं रानातलं आणि परसातलं: सुकवलेला दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा भोंगा, सांधे मेणाने बुजवलेले.

मग पाय बघा. कमरेत हात गुंफलेली साखळी, म्होरक्याच्या हातात काठी. तारप्याची चाल बदलली की पावलं बदलतात. तोंडाने कुणी काही सांगत नाही. तारपेकऱ्याकडे पाठ मात्र करायची नाही. (स्टेजवर प्रेक्षकांसाठी सरळ रांग करतात, ते मला अजिबात पटत नाही.)

हा नाच चित्रांतही भेटतो. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे तलासरीतल्या धामणगावचे, पुढे डहाणूच्या गंजाडला स्थायिक झालेले. २०११ साली पद्मश्री. त्यांच्यासारख्यांच्या वारली चित्रांत दिसणारं माणसांचं वेटोळं म्हणजे हाच नाच, मधोमध तारपेकरी.

जाणार असाल तर फोटोआधी विचारा, आणि फ्लॅश बंद ठेवा.