गोळी का सोडू नये?

अपस्माराला आपल्याकडे फेफरे, मिरगी किंवा नुसते ‘फीट येणे’ म्हणतात. झटका आला की कांदा हुंगवणे, नाकाशी चप्पल धरणे हे उपाय अजूनही होतात. झटका बहुधा दोनतीन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय मात्र चपलेला मिळते! वास्तविक हा मेंदूचा विकार आहे आणि नियमित औषधाने बहुसंख्य रुग्णांचे झटके थांबू शकतात.

मेंदूतील पेशी सूक्ष्म विद्युत्-संदेशांनी एकमेकींशी बोलत असतात. पुष्कळ पेशी एकाच वेळी अनावर संदेश सोडू लागल्या की झटका येतो. पेशीच्या आवरणात सोडियमचे कण आत सोडणारी दारे असतात. ती भराभर उघडू लागली की फेनिटॉइन व कार्बामाझेपिन त्यांना आवर घालतात. फेनोबार्बिटोन व क्लोबाझम ही औषधे ‘गाबा’ या मेंदूतीलच शामक रसायनाचा जोर वाढवतात. फेनोबार्बिटोनचा हा उपयोग जर्मनीतील हाउप्टमान यांनी १९१२ साली दाखवला, तर फेनिटॉइनचा अमेरिकेतील मेरिट व पटनम यांनी १९३८ साली.

मेंदूला शांत करणारे औषध थोडी सुस्ती आणणारच. फेनोबार्बिटोनने झोप येते. फेनिटॉइनने हिरड्या वाढतात, मात्रा जास्त झाल्यास तोल जातो. लेव्हेटिरॅसेटामने काहींची चिडचिड वाढते. कार्बामाझेपिनने अंगावर पुरळ उठल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. व्हॅलप्रोएटने गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते, म्हणून मूल होऊ देण्यापूर्वीच सल्ला घ्यावा. अशा वेळी डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलू शकतात. मात्र आपल्या मनाने गोळी एकाएकी बंद केली, तर झटक्यामागून झटके येऊन जिवावर बेतू शकते.

तरीही गोळ्या चुकतात. आषाढी एकादशीला आपल्या पिंप्राळ्यात रथ निघतो. घरोघर उपवास असतो, रात्री जागरण होते. उपवास म्हणून गोळी टाळली आणि त्यात झोपही बुडाली, तर झटक्याला दुहेरी आमंत्रणच! पाण्याच्या घोटाबरोबर घेतलेल्या गोळीने उपवास मोडत नाही.

दुसरे कारण याहून कठीण आहे. लग्न जमवताना मुलीचा आजार लपवला जातो. मग सासरी गोळी चोरून घ्यावी लागते आणि एक दिवस ती बंदच होते. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार झटके ही विवाहाची अपात्रता ठरली होती. १९९९ साली कायद्याने ती काढून टाकली. समाजाने मात्र ती अजून पुरती काढलेली नाही.

औषध पेशींना आवर घालते, पण रोजची गोळी उघडपणे घेता येईल असे घर औषधाच्या दुकानात मिळत नाही. ते आपणच निर्माण करावयाचे आहे.