घरांतील गोष्ट, घरांतल्याच मुलांना

घरांतील एखाद्या मुलाला ऑटिझम आहे असें डॉक्टरांनीं सांगितल्यावर आईबाप तें कोणाकोणाला सांगतात, याचा क्रम पाहण्यासारखा असतो. प्रथम आजी-आजोबांना, मग आत्या-मावशींना, मग शाळेंतील बाईंना. आणि जीं भावंडें त्याच मुलाच्या शेजारीं जेवतात व त्याच खोलींत निजतात, त्यांना सर्वांच्या शेवटीं, किंवा मुळींच नाहीं. ‘लहान आहेत, त्यांना काय कळतें!’ असें म्हणून आपण मोकळे होतों. आमच्याही घरीं असेंच झालें.

आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा असतांना हें निदान झालें. थोरली मुलगी त्या वेळीं आठ वर्षांची होती. ती खोलींत आली कीं आम्ही विषय बदलीत असूं. सात-आठ महिन्यांनंतर एका रात्रीं ती अंथरुणांतून उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “आई, तो तान्हा असतांना माझ्या मांडीवरून खालीं पडला होता ना? त्यामुळेंच तो बोलत नाहीं ना?” इतके महिने त्या पोरीनें हा भार एकटीनें वाहिला होता. आपण सांगितलें नाहीं म्हणजे मुलांना कांहीं कळत नाहीं, ही समजूत खोटी आहे. आपण सोडलेली रिकामी जागा मुलें आपल्या कल्पनेनें भरून काढतात, आणि पुष्कळदां अपराधी म्हणून तेथें स्वतःलाच उभें करतात.

यास्तव मुलांना पहिली गोष्ट सांगावयाची ती ही कीं, यांत कोणाचाही अपराध नाहीं. परंतु तें त्यांना पटवावयाचें तर आधीं आपल्याला पटलें पाहिजे. १९४३ सालीं बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांचें वर्णन करून या अवस्थेकडे वैद्यकाचें लक्ष वेधलें. त्यानंतर कित्येक वर्षें, आईच्या मायेचा ओलावा कमी पडल्यामुळें मूल असें होतें, असा क्रूर समज विद्वानांतही प्रचलित होता. स्वतः अशा मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनीं १९६४ सालीं ग्रंथ लिहून त्या समजाला जोराचा धक्का दिला. पुढें १९९८ सालीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत आलेल्या एका निबंधामुळें गोवराच्या लसीवर संशय आला. तो निबंध त्याच नियतकालिकानें २०१० सालीं मागें घेतला, आणि मोठमोठ्या पाहण्यांत लसीचा असा कांहीं संबंध आढळला नाहीं. आज आपण जाणतों तें एवढें कीं, हा मेंदूच्या घडणींतील भेद आहे. त्याचीं मुळें बहुतांशीं जन्मापूर्वींचीं असून त्यांत आनुवंशिकतेचा वांटा मोठा आहे. मांडीवरून पडल्यानें, रागावल्यानें किंवा मत्सर केल्यानें तो होत नाहीं. आणि तो स्पर्शानें कोणाला लागतही नाहीं.

आतां सांगावें कसें? चार-पांच वर्षांच्या मुलाला नांवापेक्षां डोळ्यांसमोरची गोष्ट समजते. “कुकरची शिट्टी आपल्याला नुसती ऐकूं येते, त्याला ती कानांत टोचते, म्हणून तो कान झांकतो. तूं हांक मारलीस तरी तो पाहत नाहीं, म्हणजे तूं त्याला आवडत नाहींस असें नाहीं.” एवढें पुरें. सात-आठ वर्षांच्या मुलाला नांव सांगावें. वर्गांत कोणी विचारलें तर देतां येईल असें एक साधें वाक्य त्याच्यापाशीं असावें: “माझा भाऊ निराळ्या रीतीनें शिकतो आणि निराळ्या रीतीनें बोलतो.” मराठींत आपण ‘स्वमग्नता’ हा शब्द योजतों, पण मुलांना तो सांगतांना जपावें. शब्दावरून असा भास होतो कीं, हें मूल आपल्यांतच गुंग आहे आणि त्याला इतरांची पर्वा नाहीं. वस्तुतः त्याला माया असते. ती दाखविण्याची रीत मात्र आपल्याहून वेगळी असते.

बारा-तेरा वर्षांचीं मुलें पुढचें विचारतात: “तो बरा होईल का? तुमच्यामागें त्याला कोण पाहील?” येथें खोटा दिलासा देऊं नये. हा कांहीं उतरणारा ताप नव्हे. तो शिकेल, पण आपल्या गतीनें, आणि किती शिकेल हें आज सांगतां येत नाहीं, असें स्पष्ट म्हणावें. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें अशा व्यक्तींसाठीं कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत स्वमग्नतेचा समावेश आहे. पुढची तजवीज लावणें हें आईबापांचें काम आहे, तुझ्या खांद्यावर तें टाकलेलें नाहीं, हें मुलाला तोंडानें सांगावें लागतें. तें त्याला आपोआप समजत नाहीं.

आणखी एक गोष्ट. भावंडाला राग येतो, लाज वाटते, “सगळे त्याच्याचकडे पाहतात” असें तें म्हणतें. त्याला लगेच “तूं मोठा ना, समजून घे” असें म्हणूं नये. राग बोलूं द्यावा. आणि आठवड्यांतून एखादी संध्याकाळ केवळ त्याची म्हणून राखावी. हें बोलणें एका बैठकींत संपत नाहीं. मूल वाढतें तसे त्याचे प्रश्न वाढतात. ज्या मुलाचें निदान झालें, त्यालाही त्याच्या समजुतीप्रमाणें हें सांगितलेंच पाहिजे. स्वतःविषयींची गोष्ट त्याला दुसऱ्याच्या कुजबुजींतून कळूं नये.

त्या रात्रीं मीं मुलीला सर्व सांगितलें. ती बराच वेळ रडली, मग म्हणाली, “मग मला आधींच कां नाहीं सांगितलेंस?” या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं कुकर चढविला, तेव्हां कोणी न सांगतां ती भावाचा हात धरून त्याला गच्चीवर घेऊन गेली.