गॅझेटात छापलेली मिस्साची सूचना

रविवारी मिस्सा आटोपता आटोपता धर्मगुरू सूचना वाचतात आणि आपण त्या ऐकून न ऐकल्यासारख्या करतो. परंतु अशाच एका सूचनेसाठी सिडनीच्या कॅथोलिकांना पंधरा वर्षे थांबावे लागले. आणि ती आली वेदीवरून नव्हे, सरकारी वर्तमानपत्रातून.

इंग्रजांनी १७८८ मध्ये ऑस्ट्रेलियात कैद्यांची ही वसाहत स्थापिली. काळ्या पाण्याची शिक्षा झालेल्या त्या लोकांत आयरिश कॅथोलिक पुष्कळ होते. सरकारमान्य कॅथोलिक धर्मगुरू मात्र एकही नव्हता. ५ मार्च १८०३ रोजी तेथे 'सिडनी गॅझेट' हे पहिले वर्तमानपत्र निघाले. त्याचा मुद्रक जॉर्ज हाऊ हा स्वतःच चोरीपायी हद्दपार झालेला कैदी! पाने चार, किंमत सहा पेनी. कागदाची चणचण एवढी की मिळेल त्या कागदावर अंक काढावा लागे. त्यात वर्गणीदार पैसे थकवीत. (साप्ताहिके चालविणाऱ्यांस हे दुःख नवे नाही!) आधी गव्हर्नरचे हुकूम, मग जहाजांची ये-जा, विक्रीस आलेला माल. वसाहत सोडून जाणाऱ्याने आपले नाव त्यात छापावयाचे, म्हणजे जहाज सुटण्यापूर्वी सावकारास आपले येणे मागता येई.

अशा मजकुराच्या सोबतीला एप्रिल १८०३ मध्ये गव्हर्नर किंग यांचे नियम प्रसिद्ध झाले. १७९८ च्या आयर्लंडातील उठावात सामील असल्याच्या आरोपावरून हद्दपार झालेले फादर जेम्स डिक्सन यांना मिस्साची मुभा मिळाली. पण कशी? सिडनी, पॅरामाटा व हॉक्सबरी येथे आळीपाळीने, म्हणजे प्रत्येक ठिकाणी तीन रविवारांतून एकदा, सकाळी नऊ वाजता. जमावात राजद्रोहाचे बोलणे निघाल्यास त्याचा जाब धर्मगुरूंनी द्यावयाचा. शिवाय बंदोबस्ताला पोलीस. आम्हांस तर यात धर्मप्रेमापेक्षा शांततेची काळजीच अधिक दिसते.

१५ मे १८०३ रोजी सिडनीत पहिले मिस्साबलिदान झाले. चषक साध्या कथिलाचा आणि पूजावस्त्रे जुन्या पडद्यांची होती, असे सांगतात.

ही मुभा वर्षभरही टिकली नाही. मार्च १८०४ मध्ये कासल हिल येथे आयरिश कैद्यांनी बंड केले. फादर डिक्सन स्वतः बंडवाल्यांची समजूत घालावयास गेले होते. तरीही सरकारने परवानगी काढून घेतली. रोमने त्यांना प्रीफेक्ट अपोस्टोलिक नेमले, तेही त्याच वर्षी! सरकारच्या संमतीने फादर थेरी व फादर कॉनली सिडनीच्या बंदरात उतरले ते मे १८२० मध्ये.