मुकादमाची अबोल भाषा

बांधकामाच्या साइटवर हुकमाची साखळी लांब असते. ठेकेदार, साइट इंजिनिअर, सुपरवायझर, मुकादम, मिस्त्री असे टप्पे ओलांडून काम बिगाऱ्यापर्यंत पोचते. मिक्सर आणि ब्रेकरच्या आवाजात निम्मे शब्द ऐकूच येत नाहीत. त्यातच पुण्या-मुंबईतल्या एकाच इमारतीवर मराठवाडा, उत्तर कर्नाटक, बिहार आणि बंगालमधले कामगार राबत असतात. साहजिकच वरिष्ठाची नजर, हातवारे, आवाजाची पट्टी आणि उभे राहण्याची तऱ्हा यांवरून त्याचे म्हणणे ताडावे लागते.

या अबोल भाषेचा एक भाग ठरलेल्या खुणांचा आहे. तर्जनी वर करून हात गोल फिरवला, की क्रेनवाला भार वर घेतो. तीच तर्जनी जमिनीकडे करून फिरवली, की खाली सोडतो. खुणा एकाच नेमलेल्या माणसाने करायच्या असतात. थांबण्याची खूण मात्र कोणीही केली तरी पाळावी लागते. जिवाचा प्रश्न आला की हुद्दा मागे पडतो.

दुसरा भाग कुठेही लिहिलेला नसतो, पण कामाचे समाधान बरेचसे त्यावर ठरते. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी 1966 मध्ये माणसांमधल्या अंतराला अर्थ असतो, हे सविस्तर मांडले. वरच्या मजल्यावरून बोट दाखवून ओरडणारा इंजिनिअर आणि जवळ येऊन ओळंबा स्वतः धरून चूक दाखवणारा इंजिनिअर एकच दुरुस्ती सांगतात. पहिल्याकडून कामगाराला अपमान मिळतो, दुसऱ्याकडून शिकवण. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांच्या 1959च्या अभ्यासात कामाची दखल घेतली जाणे हे समाधानाचे एक मोठे कारण ठरले. सेंटरिंग नीट तपासून मान डोलावणे, हीसुद्धा दखलच असते.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967च्या प्रयोगांवरून संवादाचा 93 टक्के भाग शब्दांविना होतो, असे सर्रास सांगितले जाते. ते चुकीचे आहे. ते प्रयोग भावना आणि आवडनिवड ओळखण्यापुरते होते. स्लॅबची जाडी किंवा सळ्यांमधले अंतर स्पष्ट शब्दांत आणि आकड्यांतच सांगावे लागते. मात्र शब्द आणि वागणे यांत विसंगती दिसली, की कामगार वागण्यावर विश्वास ठेवतो. हेल्मेट न घालता फिरणाऱ्या साहेबाने सुरक्षिततेवर कितीही भाषण दिले, तरी ते कोणी मनावर घेत नाही. धोका दाखवणाऱ्याकडे एकदा कपाळाला आठ्या घालून पाहिले, तर पुढच्या वेळी तो गप्प राहतो.

अर्थात, मुकादमाची आपुलकी थकलेल्या मजुरीची भरपाई करू शकत नाही. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, पाळणाघर अशा कायद्याने बंधनकारक केलेल्या सोयींचीही जागा ती घेत नाही. हक्काचे हातात पडल्यावरच आदराची खूण खरी वाटते. तसा आदर मिळालेला कामगार हललेली परांची पाहून वेळीच हाक देतो.