टपालखात्याच्या तालमीत ब्रिटन

पडद्यावर प्रकाशाचे ठोके पडत होते आणि त्यांच्याकडे बघत बावीस वर्षांचा एक संगीतकार वादकांना ताल देत होता. निवेदन, वाद्यं आणि चित्र, तिन्ही एकदमच समेवर यायला हवी होती. जानेवारी १९३६ मधल्या या ध्वनिमुद्रणाविषयी बेंजामिन ब्रिटनने रोजनिशीत लिहिलंय की काम भलतंच अवघड होतं. चित्रपट होता ‘नाइट मेल’, लंडनहून रात्री स्कॉटलंडकडे धावणाऱ्या टपालगाडीवरचा. निर्माता चक्क ब्रिटिश टपालखातं.

खात्याचा चित्रपट विभाग १९३३ मध्ये जॉन ग्रिअर्सनच्या देखरेखीखाली सुरू झाला. ब्रिटन तिथे १९३५ मध्ये आला. पहिलं काम पंचम जॉर्जच्या रौप्यमहोत्सवी तिकिटावरच्या माहितीपटाचं. सरकारी माहितीपट म्हटलं की आपल्याला पूर्वी सिनेमाआधी मुकाट्याने बघावा लागायचा तो फिल्म्स डिव्हिजनचा तुकडा आठवतो. इथे मात्र कवी डब्ल्यू. एच. ऑडनसारखी मंडळी कामाला होती.

पैसा नव्हता. सहा-सात वादकांत भागवायचं आणि उरलेलं नाद काढून भरायचं. पन्हळीतून कोळसा घरंगळत सोडायचा, बादल्यांतलं पाणी हिंदकळवायचं, शिट्ट्या फुंकायच्या, खेळण्यातली आगगाडी चालवायची. ‘नाइट मेल’च्या तालवाद्यांत तर पाटीवर घासलेला सँडपेपरही आहे. हे सारं स्वरलिपीत नीट मात्रा मोजून लिहिलेलं. चित्र इतके सेकंद, तर संगीतही तितकेच सेकंद. वाढीव आलापाला जागा नाही.

नाव झालं ‘नाइट मेल’चं. शेवटच्या काही मिनिटांत ऑडनची कविता इंजिनाच्या लयीत सुरू होते, चढावर रेंगाळते, उतारावर सुसाट सुटते. ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. तरी माझ्या मते जास्त धाडसी आहे तो आधीच्या वर्षीचा ‘कोल फेस’. दिग्दर्शक आल्बेर्तो कॅव्हल्कान्तीच्या या जेमतेम अकरा-बारा मिनिटांच्या चित्रपटात पुरुषांचा कोरस खाणकामगारांच्या कामातले शब्दच तालात म्हणतो, खाली पियानो आणि तालवाद्यं आघात करत राहतात. मग बायकांच्या आवाजात ऑडनचं एक गीत येतं आणि इतका वेळ कानठळ्या बसवणारी खाण एकदम माणसांची होते. ‘नाइट मेल’ देखणा आहे. हा खरबरीत आहे, आणि मला तोच पुन्हा ऐकावासा वाटतो.

‘कोल फेस’च्या संहितेत हात असलेल्या माँटेग्यू स्लेटरनेच पुढे ब्रिटनच्या ‘पीटर ग्राइम्स’ (१९४५) या ऑपेराची संहिता लिहिली. पण टपालखात्याचा खरा ठसा मला दुसरीकडे दिसतो. जगभर नाव झाल्यावरही ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ (१९५४) हा अख्खा ऑपेरा ब्रिटनने तेरा वादकांत बसवला. आणि नोहाच्या महापुरावरच्या ‘नोयीज फ्लड’मध्ये (१९५८) पावसाचे पहिले थेंब हवे होते, तेव्हा त्याने चहाचे मग दोरीला टांगून वाजवायला लावले.