कर्ण्यावरचं शिकागो

२७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यातलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, अधिवेशनासाठी उभारलेलं टिळकनगर सजवणारे नंदलाल बोस. या दोघांबद्दल खानदेशात पुष्कळ लिहून झालंय. मला कुतूहल आहे ते वेगळंच: उघड्या रानात हजारोंना एका माणसाचं बोलणं ऐकवायचं कसं?

साधं बोलताना तोंडातून निघणारी ध्वनिशक्ती वॉटच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास असते. अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाईवर येते. मीटरभरावर जे बोलणं साठ डेसिबल, ते शंभर मीटरवर जेमतेम वीस. तिथे शेजारच्याचा खोकलाही नेत्यावर मात करतो. त्यात गांधीजींचा आवाज मुळातच बारीक.

यावरचा तोडगा राजकारणासाठी निघालाच नव्हता. अमेरिकेच्या एटीअँडटी या टेलिफोन कंपनीला न्यूयॉर्कचं बोलणं सॅन फ्रान्सिस्कोला पोचवायचं होतं आणि तारेत ते वाटेतच विरून जात होतं. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये ‘ऑडिऑन’ नावाचा व्हॉल्व्ह केला होता. तापलेल्या तंतूतून निघणारे इलेक्ट्रॉन पत्र्याकडे धावतात; मधल्या जाळीवर किंचित विद्युतदाब बदलला की हा मोठा प्रवाह त्याच लयीत कमीजास्त होतो. म्हणजे दुबळ्या संकेताच्या हाती दणकट प्रवाहाचा लगाम. पण ऑडिऑनमध्ये वायू उरलेला असे आणि जोर वाढवला की तो बिघडे. कंपनीच्या हॅरॉल्ड अर्नोल्ड यांनी नळी जवळजवळ पूर्ण निर्वात केली आणि २५ जानेवारी १९१५ रोजी ती लाइन समारंभपूर्वक सुरू झाली.

जो व्हॉल्व्ह तारेतला आवाज वाढवतो, तो मैदानातलाही वाढवणारच. ११ नोव्हेंबर १९२१ रोजी राष्ट्राध्यक्ष हार्डिंग आर्लिंग्टनच्या दफनभूमीत बोलले आणि टेलिफोनच्या तारांवरून ते भाषण न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्कोच्या जमावांनी कर्ण्यांतून ऐकलं.  

आपल्याकडे मात्र नाव पोचलं ते एका धाकट्या कंपनीचं. टेलिफोन शोधणाऱ्या बेलची मूळ पेटंटं १८९३-९४ मध्ये संपली. बेलच्या मंडळींनी दुर्लक्षिलेल्या शेतकऱ्यांच्या घरी टेलिफोन पोचवायला छोट्या कंपन्या सरसावल्या. शिकागो टेलिफोन सप्लाय कंपनी त्यातलीच: स्थापना १८९६, बस्तान पुढे इंडियाना राज्यातल्या एल्खार्टला. नंतर ती रेडिओची आवाज कमीजास्त करणारी खुंटी बनवण्यात नावाजली. १९०९ मध्ये सिंधमध्ये धंदा मांडलेल्या ग्यानचंद मोटवाने यांच्या पेढीने तिचंच नाव घेतलं आणि कराचीहून मुंबईला येता येता ती ‘शिकागो रेडिओ’ झाली. मायक्रोफोनवर ‘शिकागो’ अशी ठळक पाटी, मालक सिंधी, वक्ते खादीधारी. स्वदेशीच्या ऐन काळात हे कुणाला खटकलं की नाही कोण जाणे!

ग्यानचंदांचे चिरंजीव नानिक यांनी १९३१ च्या कराची अधिवेशनात कर्णे लावले आणि मग काँग्रेसची सभा म्हटली की शिकागो रेडिओ, असं समीकरण झालं. गावात वीज नसली तरी अडत नसे. अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीवर चालवता येई. अधिवेशन खेड्यात भरवण्याचा आग्रह गांधीजींचा. पण तो पेलण्याची हिंमत ज्या काळात आली, तो काळ कर्ण्याचा होता, हे विसरून चालणार नाही असं मला वाटतं. शहरातलं बांधीव सभागृह ही आवाजाचीही सोय असते. ती सोडायची, तर दुसरी काही सोय हवी.

सरकारलाही नानिक मोटवाने यांचं महत्त्व कळत होतं. १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. नोव्हेंबरात तो पकडला गेला, तेव्हा सामग्री पुरवल्याच्या संशयावरून नानिक मोटवाने यांनाही आरोपी केलं गेलं. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, मोटवाने सुटले. त्यांच्या घराण्याचा मीटर बनवणारा कारखाना पुढे नाशिकरोडला आला. खानदेशातल्या आयटीआयमध्ये वायरमनकी शिकलेल्या कुणालाही विचारा, मोटवानेचं मीटर त्याने हाताळलेलं असण्याचा संभव मोठा.