मेमरी कार्डवरून लिनक्स : गैरसमज आणि वस्तुस्थिती

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण अजून उत्तम चालणारे कितीतरी लॅपटॉप त्यामुळे अडचणीत आले. अशा यंत्रांसाठी लिनक्स हा खरोखर चांगला मार्ग आहे. आतल्या डिस्कला हात न लावता लिनक्स वापरून पाहावे म्हणून अनेक जण लॅपटॉपच्या खाचेत मेमरी कार्ड घालतात, आणि तिथेच गाडी अडते. कधी कार्डाकडे दुर्लक्ष करून जुनीच विंडोज सुरू होते, तर कधी काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटून सगळे थांबते. मग कोणी कार्डाला दोष देतो, कोणी लिनक्सला. बहुतेक वेळा दोघेही निर्दोष असतात.

यंत्र सुरू होताना तीन कारभारी एकामागून एक काम करतात. पहिले फर्मवेअर, म्हणजे बायोस किंवा यूईएफआय. दुसरा बूटलोडर, बहुधा ग्रब. तिसरे लिनक्सचे कर्नल. कार्ड ‘दिसणे’ म्हणजे या तिघांनाही ते आपापल्या पाळीला दिसणे. दुरुस्तीची पहिली पायरी एकच : कार्ड कोणाच्या पाळीत हरवते, ते शोधणे.

गैरसमज १ : फाइल मॅनेजरमध्ये कार्ड उघडते, म्हणजे त्यावरून बूटही होणार.

वस्तुस्थिती : फाइल मॅनेजर उघडतो तेव्हा कर्नलने कार्ड रीडरचा ड्रायव्हर कधीच चालू केलेला असतो. फर्मवेअरला ती सोय नसते. त्याच्याजवळ स्वतःचे मोजकेच ड्रायव्हर असतात : आतल्या डिस्कसाठी, यूएसबी साठवणीसाठी, नेटवर्कसाठी. लॅपटॉपमधला कार्ड रीडर आतून यूएसबीला जोडलेला असेल, तर फर्मवेअरच्या लेखी ते कार्ड म्हणजे एक पेनड्राइव्हच, आणि ते बूट मेनूत दिसू शकते. रीडर पीसीआय एक्स्प्रेसवर असेल, तर फर्मवेअरला सहसा तो ओळखताच येत नाही. रिअलटेकचे अनेक रीडर या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

आपला रीडर कोणता, हे चालू लिनक्समध्ये लगेच कळते. ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा द्या. कार्डाचे नाव ‘एसडीबी’सारखे आले तर रीडर यूएसबीचा. ‘एमएमसीबीएलके०’सारखे आले तर तो बहुधा पीसीआयवर किंवा थेट प्रोसेसरच्या चिपमध्ये आहे. ईएमएमसी साठवण असलेल्या स्वस्त लॅपटॉपांत आतली साठवणही याच नावाने दिसते, म्हणून आकारमान पाहून खात्री करावी. अशा काही यंत्रांच्या फर्मवेअरला मात्र कार्डही ओळखता येते, तेव्हा बूट मेनू तपासल्याशिवाय आशा सोडू नये. फर्मवेअरमधला ‘फास्ट बूट’ पर्यायही बंद करून पाहावा. वेळ वाचवण्यासाठी तो काही वेळा बाहेरच्या साधनांची तपासणीच वगळतो.

गैरसमज २ : रास्पबेरी पाय कार्डवरून सुरू होतो, मग लॅपटॉपही व्हायलाच हवा.

वस्तुस्थिती : रास्पबेरी पायच्या ब्रॉडकॉम चिपमध्ये कारखान्यातच एक छोटा प्रोग्रॅम कोरलेला असतो आणि एसडी कार्ड कसे वाचायचे, हे त्याला ठाऊक असते. ते यंत्र कार्डवरून सुरू होण्यासाठीच घडवले आहे. लॅपटॉपमधली कार्डाची खाच मुख्यतः कॅमेऱ्यातले फोटो उतरवून घेण्यासाठी दिलेली असते. २००७ मध्ये आलेल्या असुस ईईई पीसी ७०१ या छोट्या लॅपटॉपवर कार्डवरून लिनक्स सहज सुरू होत असे, कारण त्याचा रीडर यूएसबीवर होता. त्यानंतरचा, कितीतरी ताकदवान लॅपटॉप हेच करू शकत नाही, यात नवल नाही. इथे यंत्राचे वय किंवा किंमत नव्हे, तर रीडरची जोडणी महत्त्वाची.

गैरसमज ३ : आयएसओ फाइल कार्डावर कॉपी केली की काम झाले.

वस्तुस्थिती : आयएसओ ही पूर्ण डिस्कची प्रतिमा असते. ती फाइल म्हणून कार्डावर ठेवली, तर फर्मवेअरला कार्डावर सुरू करण्याजोगे काहीच सापडत नाही. बलेना एचर, रूफस किंवा ‘डीडी’ वापरून ती कार्डावर ‘लिहावी’ लागते. त्यात कार्डावरचा जुना मजकूर पुसला जातो, म्हणून आधी तो दुसरीकडे काढून ठेवावा.

कार्डावर लिनक्स कायमचे बसवले असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. काढता-घालता येणाऱ्या साधनावर यूईएफआय एका ठरलेल्या जागीच बूटलोडर शोधते : फॅट पार्टिशनमध्ये ‘ईएफआय’ फोल्डर, त्यात ‘बूट’ फोल्डर, त्यात ‘बूटएक्स६४.ईएफआय’ ही फाइल. नेहमीच्या पद्धतीने ग्रब बसवला, तर तो बहुधा वितरणाच्या नावाच्या फोल्डरात जातो आणि त्याची नोंद त्या एका लॅपटॉपच्या स्मृतीत राहते. कार्ड दुसऱ्या यंत्रात घातले की ती नोंद तिथे नसते. ग्रब बसवताना ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय दिला, तर तो ठरलेल्या जागी जातो आणि प्रश्न सुटतो.

गैरसमज ४ : सिक्युअर बूट बंद केल्याशिवाय लिनक्स चालतच नाही.

वस्तुस्थिती : उबंटू आणि फेडोरा कित्येक वर्षांपासून, आणि डेबियन २०१९ च्या १० व्या आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्टची सही असलेला बूटलोडर देतात. सिक्युअर बूट चालू ठेवूनही ती सुरू होतात. आर्चसारख्या काही वितरणांच्या मूळ प्रतिमेवर मात्र ती सही नसते. लक्षणांतला फरक ओळखावा. मेनूत कार्ड दिसते, निवडल्यावर सुरक्षेचा संदेश येऊन नकार मिळतो, तर संशय सिक्युअर बूटवर घ्यावा. मेनूत कार्डच नसेल, तर सहसा कारण रीडर किंवा चुकीचे लिहिलेले कार्ड, आणि तेव्हा सुरक्षा बंद करून काही साधत नाही.

गैरसमज ५ : ग्रबचा मेनू आला, म्हणजे पुढे अडचण नाही. त्यानंतर अडले, तर कार्डच खराब.

वस्तुस्थिती : सगळ्यांत जास्त चांगली कार्डे याच टप्प्यावर विनाकारण बाद ठरतात. ग्रब कार्ड वाचतो ते बहुतांशी फर्मवेअरच्या मदतीने. कर्नल सुरू झाले की ती मदत संपते आणि कर्नलला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. गंमत अशी की तो ड्रायव्हर ज्या कार्डावर आहे, ते वाचण्यासाठीच तो हवा असतो. हा पेच सोडवण्यासाठी कर्नलसोबत ‘इनिट्रॅमएफएस’ नावाची छोटी फाइल-व्यवस्था मेमरीत उतरवली जाते आणि सुरुवातीचे ड्रायव्हर तिच्यात असतात.

तिच्यात कोणते ड्रायव्हर जातात, हे वितरणावर अवलंबून असते. डेबियन मूळ मांडणीत बरेच ड्रायव्हर भरते. फेडोरा फक्त त्या यंत्राला लागणारे भरते. त्यामुळे यूएसबी अडॅप्टरमध्ये कार्ड ठेवून बसवलेले लिनक्स नंतर आतल्या खाचेतून सुरू करायला गेले, की पीसीआय रीडरचा ड्रायव्हर नसल्याने ते अडू शकते. फेडोराच्या बूट मेनूतली ‘रेस्क्यू’ नोंद अशा वेळी उपयोगी पडते, कारण तिच्यात सर्वसाधारण ड्रायव्हर असतात. तिथून आत शिरून ‘ड्रॅकट’ने इनिट्रॅमएफएस नव्याने बनवावे.

दुसरे कारण नावाचे. तेच कार्ड अडॅप्टरमध्ये ‘एसडीबी’ असते आणि आतल्या खाचेत ‘एमएमसीबीएलके०’. बूटच्या ओळीत किंवा ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये ही नावे लिहिलेली असतील, तर खाच बदलताच पत्ता चुकतो. तिथे पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहावा. तो कार्डाबरोबर राहतो.

डेबियन-उबंटूमध्ये ‘इनिट्रॅमएफएस’ असा प्रॉम्प्ट आला, तर घाबरून यंत्र बंद करू नये. ‘बीएलकेआयडी’ आज्ञा देऊन पाहावे. कार्ड यादीत असेल आणि ‘एक्झिट’ म्हटल्यावर लिनक्स सुरू झाले, तर कार्ड जागे व्हायला उशीर लागतो, इतकेच. यादीत असूनही पुढे जात नसेल, तर यूयूआयडी तपासावा. यादीतच नसेल, तर बहुधा ड्रायव्हर राहिला आहे.

गैरसमज ६ : फर्मवेअरला रीडर कळत नाही, म्हणजे मार्ग संपला.

वस्तुस्थिती : दोन चांगले मार्ग उरतात. पहिला सोपा : कार्ड यूएसबी अडॅप्टरमध्ये घालावे. मग फर्मवेअरला ते पेनड्राइव्हसारखे दिसते. दुसरा मार्ग कामाची वाटणी करण्याचा. बूटलोडर, कर्नल आणि इनिट्रॅमएफएस एका छोट्या पेनड्राइव्हवर ठेवावे आणि बाकी सगळे लिनक्स कार्डावर. फर्मवेअर पेनड्राइव्ह वाचते, कर्नल मेमरीत येते आणि मग स्वतःच्या ड्रायव्हरने कार्ड उघडते. एक पथ्य पाळावे : पेनड्राइव्हवरचे पार्टिशन ‘बूट’ फोल्डरवर माउंट करून मगच अद्ययावतीकरण करावे. नाहीतर पेनड्राइव्हवर जुने कर्नल राहते आणि कार्डावर नव्याचे ड्रायव्हर. पुढच्या वेळी दोघांचे जुळत नाही.

गैरसमज ७ : ‘क्लास १०’ लिहिले आहे, म्हणजे कार्ड लिनक्ससाठी वेगवान.

वस्तुस्थिती : क्लास १० म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान १० एमबी. हे मोजमाप चित्रीकरणासाठी उपयोगाचे. लिनक्स मात्र सतत छोट्या छोट्या, विखुरलेल्या फाइली वाचते-लिहिते. त्यासाठी ए१ किंवा ए२ ही खूण पाहावी. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० वेळा वाचणे आणि ५०० वेळा लिहिणे. ए२ मध्ये हे आकडे ४००० आणि २००० आहेत, पण ते पूर्ण मिळायला रीडरचीही साथ लागते. स्वस्तात मिळालेल्या मोठ्या कार्डाची खरी क्षमता ‘एफ३’ या मोफत साधनाने आधी तपासावी. खोट्या क्षमतेच्या कार्डावर लिनक्स बसते, काही दिवस चालते आणि कार्ड भरू लागले की फाइली बिघडतात.

कार्ड बदलण्यापूर्वी किंवा लिनक्स पुन्हा बसवण्यापूर्वी तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. बूट मेनूत कार्ड दिसते का? निवडल्यावर ग्रब येतो का? ग्रबनंतर कर्नलला कार्ड सापडते का? पहिले ‘नाही’ जिथे येईल तिथेच दुरुस्ती करायची, आणि ती करायला बहुतेक वेळा एक अडॅप्टर, एक बरोबर यूयूआयडी किंवा एक राहिलेला ड्रायव्हर पुरतो. चालता लॅपटॉप भंगारात जाण्याआधी एवढी तपासणी प्रत्येकाने करावी. ती अवघड नाही आणि तिला पैसेही जवळजवळ लागत नाहीत.